सव्विसावी जागा: ‘मनीबॉल’, ‘शुगर’ आणि निवडीची गोष्ट

आज बेसबॉलवर बोलायचं आहे. ज्यांना या खेळाचे नियम ठाऊक नाहीत त्यांनी कृपा करून लगेच उठून जाऊ नये. होमरन म्हणजे साधारण आपला षटकार आणि पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, एवढं धरून चाललात तरी आज काम भागेल. कारण आपला विषय खेळ हा नाहीच. विषय आहे निवड. एका तरुण पोराला जागा द्यायची की नाही हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि पुस्तकं-सिनेमे त्याची जी गोष्ट आपल्याला सांगतात ती कितपत खरी असते.

आधी जागेचा हिशेब. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये 30 संघ आहेत. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यातले 15 ॲरिझोनात आणि 15 फ्लोरिडात जमतात. याला म्हणतात स्प्रिंग ट्रेनिंग. सहा-सात आठवडे सराव, तिसेक सराव सामने, आणि मार्च संपता संपता खरा मोसम सुरू. मोसमासाठी संघात 26 जण ठेवता येतात. त्याच्याबाहेर एक मोठी यादी असते, 40 जणांची. या चाळिसांवर क्लबचा हक्क पक्का. शिबिरात हे चाळीस तर येतातच, शिवाय यादीत नाव नसलेले वीस-पंचवीस जण आमंत्रणावर येतात. कोणी छोट्या लीगमधला उगवता खेळाडू, कोणी पस्तिशीतला, एकदा शेवटचं नशीब अजमावायला आलेला. अशा पोरांच्या पाठीवर मोठमोठे आकडे असतात, सत्तर, ऐंशी, नव्वदच्या घरातले. शर्टाचा आकडा पाहूनच कळतं की याची सोय तात्पुरती आहे.

म्हणजे साठ-सत्तर जणांतून सव्वीस निवडायचे. ऐकताना वाटतं, केवढी चुरस! प्रत्यक्षात त्यातली बावीस-तेवीस नावं थंडीतच ठरलेली असतात. दुखापत झाली नाही तर ती हलत नाहीत. खरी मोकळी जागा दोन, फार तर तीन. आम्ही या व्याख्यानाच्या नावात ‘सव्विसावी जागा’ म्हटलं आहे ते म्हणूनच.

आणि त्या एका जागेची किंमत काय? 2023 मध्ये मोठ्या लीगचा किमान वार्षिक पगार होता 7,20,000 डॉलर. त्याच वर्षी झालेल्या करारानुसार, चाळिसाच्या यादीत नसलेल्या आणि मोठ्या लीगच्या एकच पायरी खाली, ट्रिपल-एमध्ये खेळणाऱ्या पोराला वर्षाला 35,800. वीसपटीचा फरक. तोही करार झाल्यानंतरचा. त्याआधी कितीतरी वर्षं छोट्या लीगच्या पोरांना या शिबिराच्या आठवड्यांचा पगारच मिळत नसे. कोर्टात मोठा खटला चालला आणि 2022 मध्ये 18.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. तेव्हा ‘पात्र कोण’ हा प्रश्न विचारताना मागे हे गणित चालू असतं, ते आपण विसरायचं नाही.

आता पुस्तकाकडे येऊ. मायकेल लुईस यांचं ‘मनीबॉल’ 2003 साली आलं, त्यावरचा ब्रॅड पिटचा सिनेमा 2011 मध्ये. आपल्याकडे पुष्कळांनी सिनेमा पाहिलाय, पुस्तक थोड्यांनी वाचलंय. गोष्ट ओकलंडच्या क्लबची, 2002 सालची. सिनेमा सुरू होतो तोच दोन आकडे समोर ठेवून: न्यू यॉर्क यांकीजचा पगारखर्च 11.4 कोटी डॉलर, ओकलंडचा 4 कोटींच्याही आत. मग गरीब क्लबचा व्यवस्थापक बिली बीन म्हाताऱ्या स्काऊट मंडळींची अक्कल बाजूला सारतो, आकड्यांवर भरवसा ठेवतो, कोणी घेत नाही असे खेळाडू घेतो, आणि संघ लागोपाठ 20 सामने जिंकतो. हे सगळं घडलेलं आहे, खोटं काही नाही.

पण गोष्ट सांगताना काय उचललं आणि काय ठेवून दिलं, ते बघा. सिनेमात स्काऊट लोकांच्या बैठकीचा प्रसंग आहे. टेबलाभोवती बसलेली मंडळी, पोराचा जबडा कसा, चेहरा कसा, मैत्रीण दिसायला कशी, यावरून त्याची लायकी ठरवताहेत. प्रेक्षागृहात हशा पिकतो. आम्हीही पहिल्यांदा हसलो होतो. दुसऱ्यांदा पाहताना मात्र वाटलं की ही जरा सोपी शिकार आहे. कारण त्या वर्षी ओकलंडला ज्यांनी खरोखर तारलं ते तीन पिचर, हडसन, मल्डर आणि झिटो, सिनेमात जवळजवळ नाहीतच. झिटोला त्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. मिगेल तेहादा त्या वर्षीचा लीगमधला सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. तोही कडेकडेने दिसतो. हा तेहादा डोमिनिकन रिपब्लिकमधला. त्याला क्लबने करारबद्ध केलं होतं फक्त 2,000 डॉलर देऊन. कोणी केलं? संगणकाने नव्हे. उन्हातान्हात गावोगाव हिंडणाऱ्या माणसांनी.

आणि हे चौघे ओकलंडला परवडत कसे होते? इथे आमचा पुस्तकाशी खरा वाद आहे. ते परवडत होते कारण नियमाने ते स्वस्त होते. मेजर लीगमध्ये खेळाडूची सहा वर्षं सेवा भरेपर्यंत त्याला दुसऱ्या क्लबकडे स्वतःच्या मर्जीने जाता येत नाही. पहिली सुमारे तीन वर्षं तर क्लब जवळजवळ किमान पगारावर त्याला राबवून घेऊ शकतो. लुईस यांना हा नियम ठाऊक आहे, ते तो सांगतातही. पण पुस्तकाचा सगळा जोर एका भांडणावर आहे: डोळा विरुद्ध आकडा. जुने लोक डोळ्याने पाहतात, नवे लोक आकड्याने, आणि आकडा जिंकतो. आमचं म्हणणं असं की खोलीत तिसरा एक जण बसलेला असतो आणि शेवटचा शब्द पुष्कळदा त्याचा असतो. तो म्हणजे कागद. करार, यादी, सेवेचे दिवस. त्याच्यावर सिनेमा काढता येत नाही, म्हणून तो गोष्टीत येत नाही.

गंमत म्हणजे पुस्तकाच्या नायकाची स्वतःची कथा याच जागेशी येऊन थांबते. बिली बीन हा 1980 साली पहिल्या फेरीत उचललेला पोरगा. धावणं, फेकणं, झेलणं, मारणं, लांब मारणं, स्काऊट मंडळी ज्या पाच गोष्टी शोधतात त्या पाचही त्याच्यात. मोठ्या लीगमध्ये तो जेमतेम 148 सामने खेळला. 1990 च्या स्प्रिंग ट्रेनिंगच्या शेवटी ओकलंडने त्याला पुन्हा छोट्या लीगमध्ये पाठवायचं ठरवलं, तेव्हा तो क्लबच्या कचेरीत गेला आणि म्हणाला की मला खेळायचं नाही, मला स्काऊटचं काम द्या. लुईस हे छान सांगतात, पण स्वभावाची गोष्ट म्हणून सांगतात: याचं डोकं गरम, अपयश पचवता येत नाही. असेलही. पण अठ्ठावीस वर्षांचा माणूस, दहा वर्षं घासलेली, आणि दर मार्चला कोणीतरी सांगतं की यंदाही खाली जा. त्या क्षणी पुस्तक थांबायला हवं होतं. ते थांबत नाही, पुढच्या यशाकडे धावतं.

बरं, डोळा आणि आकडा यांचं भांडण बाजूला ठेवून नुसता आकडा घेऊ. शिबिरातल्या आकड्यांवर भरवसा ठेवावा का? ठेवू नये. इथे क्लबवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. एका फलंदाजाला महिनाभरात पन्नास-साठ वेळा खेळायला मिळतं. एवढ्याशा संख्येत नशीबच जास्त बोलतं. शिवाय समोर कोण असतं? पहिल्या दोन-तीन डावांत खरा पिचर, तोही नवा चेंडू घोटवून पाहणारा, मार खाल्ला तरी पर्वा न करणारा. सहाव्या डावानंतर समोर येतो तो नव्वद नंबरवाला. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू जरा लांबच जातो. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. कांगा लीगमध्ये पावसाळी खेळपट्टीवर काढलेल्या तीस धावा आणि एप्रिलच्या कडक खेळपट्टीवरच्या शंभर, यांचा भाव आपण वेगवेगळा लावतो की नाही? तसंच.

मात्र अलीकडे यात एक फरक पडलाय आणि तो मनीबॉलवाल्यांनाही ठाऊक नव्हता. आता बऱ्याच मैदानांवर यंत्रं बसवलेली असतात. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला, पिचरच्या हातून किती फिरत गेला, हे प्रत्येक चेंडूला मोजलं जातं. सरासरी नशिबाने फुगते, पण ताशी 115 मैल वेगाने चेंडू मारणं नशिबाने होत नाही. ज्याच्या अंगात ती ताकद आहे त्यालाच ते जमतं, आणि एकदा जमलं की कळतंच. म्हणजे 17 फटक्यांनी जे कळत नाही ते कधी कधी एका फटक्याने कळतं. म्हातारे स्काऊट याच गोष्टीला ‘आवाज’ म्हणायचे: बॅटचा आवाज वेगळा येतो. डोळा आणि आकडा फिरून एकाच ठिकाणी आले, म्हणा ना.

आता ते 17 फटके. 2015 चा मार्च, शिकागो कब्ज, क्रिस ब्रायंट नावाचा पोरगा. शिबिरात 40 वेळा फलंदाजी, 17 फटके, त्यातले 9 होमरन. या खेळात दहांत तीनदा यश मिळवणारा चांगला समजतात. हा चारच्या वर. तरी त्याला छोट्या लीगमध्ये पाठवलं. कारण काय सांगितलं? तिसऱ्या बेसवरचं त्याचं क्षेत्ररक्षण अजून पक्कं नाही. मग 17 एप्रिलला त्याला बोलावून घेतलं. तोवर संघाचे आठ सामने होऊन गेले होते. आठ सामन्यांत क्षेत्ररक्षण पक्कं झालं असेल तर आनंदच आहे!

कागद काय म्हणतो ते पाहा. मोसम सुमारे 187 दिवसांचा. त्यातले 172 दिवस मोठ्या लीगच्या संघात काढले तर सेवेचं एक वर्ष भरतं. ब्रायंटचे त्या वर्षी भरले 171. एक दिवस कमी. त्या एका दिवसापायी त्याची सहा वर्षं 2020 ऐवजी 2021 मध्ये संपली, आणि क्लबचा त्याच्यावरचा हक्क एका मोसमाने वाढला. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी सर्वात मौल्यवान खेळाडू, आणि त्याच 2016 मध्ये कब्जनी 1908 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज जिंकली. त्याने तक्रार नोंदवली. 2020 च्या सुरुवातीला लवादाचा निकाल लागला, तो क्लबच्या बाजूने. नियमात बसत होतं ते सगळं.

आमची तक्रार वेगळी आहे. नियम आहे तर क्लब त्याचा फायदा घेणारच. पण पोराला सांगायचं काय? त्याला सांगितलं गेलं की तुझ्या खेळात उणीव आहे. म्हणजे हिशेब कागदाचा, आणि दोष लावला त्याच्या अंगाला. ‘पात्र’ या शब्दाचा असा वापर आम्हाला खुपतो. बावीस-तेवीस वर्षांचं पोर खोलीवर जाऊन त्या उणिवेचा विचार करत बसतं. खरी उणीव कोणती आणि सांगण्यापुरती कोणती, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

हे कधीकधी तोंडातून निसटतं. फेब्रुवारी 2021 मध्ये सिएटल मरिनर्सचे अध्यक्ष केव्हिन मॅथर एका रोटरी क्लबच्या ऑनलाइन कार्यक्रमात बोलले. जॅरेड केलेनिक या तरुण खेळाडूने क्लबचा दीर्घ मुदतीचा करार नाकारलाय आणि मोसमाच्या सुरुवातीला तो संघात नसेल, असं ते मोकळेपणाने सांगून बसले. शिबिर नीट सुरूही झालं नव्हतं! चित्रफीत पसरली आणि मॅथर यांना राजीनामा द्यावा लागला. (ऑनलाइन व्याख्यानं देणाऱ्यांनी यातून काय तो बोध घ्यावा. आम्हीही घेतो आहोत.)

पण गोष्ट इथे संपवली तर आम्हीही सिनेमावाल्यांसारखंच करू. केलेनिकला मे महिन्यात वर आणलं आणि त्या मोसमात त्याची सरासरी राहिली .181. म्हणजे फार वाईट. क्लबचा हेतू साफ नव्हता, आणि तरीही तो पोरगा तयार नव्हता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. उलट बाजूला 2019 चा पीट अलोन्सो. न्यू यॉर्क मेट्सनी त्याला पहिल्या दिवसापासून संघात ठेवलं, सेवेच्या दिवसांचा हिशेब न करता. त्याने 53 होमरन मारले, नवोदिताचा विक्रम. दोन आठवडे त्याला खाली ठेवलं असतं तर पुढचं एक वर्ष क्लबच्या खिशात पडलं असतं. मेट्सनी ते सोडलं.

2022 च्या करारात यावर उपाय शोधला गेला. नामांकित नवोदिताला पहिल्यापासून संघात ठेवलं आणि तो चमकला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळते. आणि सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आला तर उशिरा वर आलेल्या खेळाडूलाही पूर्ण वर्षाची सेवा मिळते. हुलिओ रॉड्रिगेझ पहिल्या दिवसापासून खेळला आणि सिएटलला, हो त्याच सिएटलला, जादा निवड मिळाली. बाल्टिमोरचा ॲडली रचमन मेमध्ये आला, दुसरा ठरला, त्याला वर्ष मिळालं. उपाय चांगला आहे, पण तो फक्त नामांकितांसाठी. आपला सव्विसावा कोण असतो? त्याला कोणी मतं देत नाही.

त्याचं भवितव्य ठरतं आणखी एका कागदाने. चाळिसाच्या यादीतल्या खेळाडूला साधारण तीन मोसम क्लब हवं तेव्हा खाली पाठवू शकतो. याला ‘ऑप्शन’ म्हणतात. ऑप्शन संपले की खाली पाठवण्याआधी त्याला बाकीच्या क्लबांसमोर ठेवावं लागतं, आणि कोणीही उचलू शकतं. आता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोन पोरं बरोबरीची आहेत, किंवा पहिला जरा सरसच आहे. पहिल्याचे ऑप्शन शिल्लक आहेत, दुसऱ्याचे संपलेत. कोण राहील? दुसरा. कारण पहिला खाली गेला तरी आपलाच राहतो. म्हणजे चांगला खेळूनही तू जातोस, कारण तुला पाठवणं सोयीचं आहे. इथे लबाडीही नाही, नुसता हिशेब आहे. आपल्याला हे अगदीच नवं नाही. अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणात 260 काढल्या, पुढे ढिगाने धावा केल्या, भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. पात्रता होती, जागा नव्हती. फरक एवढाच की अमोलला कोणी असं सांगितलं नाही की तुझ्या खेळात खोट आहे म्हणून तू बाहेर.

आता ‘शुगर’. ॲना बोडन आणि रायन फ्लेक यांचा 2008 चा सिनेमा. ‘मनीबॉल’च्या मानाने फार कमी लोकांनी पाहिलेला, आणि आमच्या मते फार वरचा. मिगेल सांतोस, टोपणनाव शुगर, डोमिनिकन पोरगा, पिचर. क्लबच्या अकादमीत खेळतो, इंग्रजीचे धडे गिरवतो, मग ॲरिझोनाच्या स्प्रिंग ट्रेनिंगला बोलावणं येतं. हॉटेलात खायला काय मागायचं ते कळत नाही, म्हणून पोरं एकच माहीत असलेला पदार्थ मागतात, फ्रेंच टोस्ट. पुन्हा पुन्हा तेच. पुढे एक वेट्रेस अंड्यांचे निरनिराळे प्रकार बशीत घेऊन येते आणि त्याला एकेका प्रकाराचं नाव सांगते. आम्हाला हा प्रसंग ‘मनीबॉल’मधल्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त सांगून जातो. कारण त्या शिबिरात शुगरच्या खांद्याचं मोजमाप होतंय, पण सकाळी त्याला अंडं मागता येत नाही हे कुठल्याच कागदावर चढत नाही. त्याचा परिणाम चेंडूवर होतो की नाही? होतोच. अपरिचित गाव, आयोवाच्या शेतांत एका वृद्ध जोडप्याच्या घरी मुक्काम, कोणाशी मनातलं बोलायची सोय नाही. मग पाय दुखावतो, लय बिघडते, आणि त्याच्याच देशातला नवा, ताजा पोरगा त्याच्या जागेवर येतो.

या सिनेमात खलनायक नाही, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. प्रशिक्षक भले आहेत, घरमालक भले आहेत. यंत्र तेवढं चालू राहतं. ‘मनीबॉल’मध्ये कॅमेरा निवडणाऱ्याच्या खांद्यावरून पाहतो, तिथे खेळाडूला काढून टाकणं हा व्यवस्थापकाच्या धैर्याचा प्रसंग होतो. ‘शुगर’मध्ये तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने दिसतो. दोन्ही एकामागोमाग पाहा, याच क्रमाने.

(श्रोत्यांतून प्रश्न: ‘मिलियन डॉलर आर्म’मधल्या आपल्या पोरांचं काय?)

हो, तो प्रश्न येणार होताच. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलेले. डिस्नेचा सिनेमा कराराशी संपतो, टाळ्या वाजतात. खरं तर त्यांची गोष्ट तिथे सुरू व्हायला हवी. दिनेशला 2010 मध्येच सोडून दिलं. रिंकू सिंगल-एपर्यंत पोचला, दुखापतींनी अडला, नंतर कुस्तीच्या शोमध्ये गेला. ती मधली वर्षं, फ्लोरिडातली शिबिरं, यादीत नाव आहे का ते बघणं, त्याचा सिनेमा अजून कोणी काढलेला नाही.

(दुसरा प्रश्न: मग तुम्ही निवडाल तर कशावरून निवडाल?)

आम्हाला कोण विचारतंय! पण विचारलंतच तर, शिबिरातली सरासरी पाहणार नाही. मागच्या मोसमाचे चारशे-पाचशे डाव पाहू, यंत्रांनी मोजलेला वेग पाहू, वाईट दिवसानंतर दुसऱ्या दिवशी तो कसा येतो हे त्याच्यासोबत बसमधून फिरणाऱ्या माणसाला विचारू. आणि खाली पाठवताना कागदाचं कारण असेल तर कागदाचं कारण सांगू. क्लबचे वकील हे सांगू देणार नाहीत, तक्रारीला आयता पुरावा मिळेल म्हणून. तेही आम्हाला ठाऊक आहे. तरी सांगावं, असं आमचं मत.

‘शुगर’चा शेवट सांगून थांबतो, पाहायचा असेल त्यांनी कान झाकून घ्या. शुगर संघ सोडून न्यू यॉर्कला जातो, सुतारकाम करतो, सुट्टीच्या दिवशी ब्राँक्समधल्या एका मैदानावर खेळायला लागतो. शेवटी त्याच्याबरोबर खेळणारे एकेक करून कॅमेऱ्याकडे बघत आपलं नाव, गाव आणि आपण कोणत्या क्लबमध्ये होतो ते सांगतात. ही मंडळी खरोखरच कधीकाळी त्या क्लबांकडे होती. पुढचा खेळाडू बॅट घेऊन उभा राहतो आणि डाव चालू राहतो.